कोतवाल, मैना आणि आपलं नारायणगाव

पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

परवा भाच्यानं मोबाईलवर एक इंग्रजी पॉडकास्ट ऐकवलं. चार-पाच मित्र मिळून एक चक्रम गाव मनानं उभं करतात, एकेक सोंग वाटून घेतात आणि त्या गावातली प्रेमप्रकरणं तिथल्या तिथं बोलून रचतात. कागदावर काही नाही. भाचा म्हणाला, "मामा, काय भारी आयडिया आहे ना?" म्हटलं, "बाळा, ही आयडिया आपल्या नारायणगावात दर पाडव्याला राहुटी टाकून सुपारी घेते."

वग म्हणजे दुसरं काय असतं? गण, गवळण, बतावणी झाली की वग. गोष्ट ठरलेली, संवाद मोकळे. पहिला वग म्हणून जाणकार १८६५ च्या 'मोहना बटाव'चं नाव घेतात, उमा-बाबू सावळजकरांच्या फडाचं. आपल्याच जिल्ह्यातल्या इंदुरीच्या दादूंनी गाजवलेलं 'गाढवाचं लग्न' आठवा. शापानं गाढव झालेला गंधर्व राजकन्या मागतो आणि सावळ्या कुंभार त्याची सोयरीक घेऊन राजाकडे जातो! १९६५ ला वसंत सबनिसांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलं, त्यातही कोतवाल मैनावतीच्या पायात येडा. ते लिहिलेलं नाटक, पण दादा कोंडके रोजच्या पेपरातलं राजकारण त्यात घुसवायचेच.

खरी मजा गाव बघून बदलणाऱ्या बोलण्यात. आंबेगावच्या पूर्व भागातल्या एका जत्रेत ऐकलेलं सांगतो, वीसेक वर्षं झाली. खेळाच्या आधी सोंगाड्या कनातीमागं गावातल्या पोरांना विचारत होता, यंदा पाण्याचं कसंय? रात्री राजानं पोरीला मागणी घातली, तर प्रधान म्हणतो, "महाराज, पोरगी राजी आहे, बाप राजी आहे, पण वऱ्हाडाला प्यायला टँकर कुठला?" पुढच्या रांगेत पुढारी बसलेले. अख्खं गाव हसलं, पुढारीपण हसले, दुसरा उपाय नव्हता. डिंभे धरण तालुक्यात, तरी घसा कोरडा. हे मी बातमीत चारदा लिहिलं होतं. एवढं कधी लागलं नाही.

ही वाक्यं आता कुठं आहेत? कुठंच नाहीत. म्हणूनच लिहायला बसलो.

विठाबाई नारायणगावकर. भाऊ-बापूंच्या फडातून पुढं आल्या. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव. बोर्डावर नाचताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत येऊन खेळ पुरा केला, हा किस्सा प्रत्येकाला पाठ आहे. २००२ साली गेल्या, शेवटचे दिवस हलाखीचे. त्यांच्या नावानं सरकारी पुरस्कार आहे, चांगलं आहे. पण त्यांनी बोर्डावर उभ्या उभ्या जे संवाद रचले, त्यातले किती उरले? आपण किस्सा जपला, बोलणं घालवलं. आणि हेही बोलू या, बोर्डावरच्या प्रेमाला शिट्ट्या मारणाऱ्या गावानं त्याच बाईला भाड्यानं खोली द्यायला मात्र मान हलवली. मी डोळ्यांनी बघितलंय.

आता वगाला वेळच मिळत नाही. रात्री दहाच्या नियमानं भोंगा बंद, त्याच्या आधी पब्लिकला सिनेमाची गाणी हवीत. वग उरलाच तर शेपटासारखा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. तोच देशाच्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. सगळ्या सुपाऱ्या बुडाल्या. पुढच्या वर्षीही जत्रा नाहीत. त्या दोन वर्षांत किती जुने सोंगाडे रोजंदारीला गेले आणि परत आलेच नाहीत.

गेल्या महिन्यात अशाच एका म्हाताऱ्या सोंगाड्याकडे गेलो. फोन समोर ठेवला, म्हटलं, बाबा, एक प्रवेश बोला. बराच वेळ फोनकडे बघत बसले. "ह्यो हसत न्हाई रे," म्हणाले. मग शेजारची चार बिऱ्हाडं बोलावली, पोरंटोरं जमली, आणि म्हातारा पाऊण तास थांबला नाही. तेवढं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे.

जुन्नर-आंबेगावात कुणाच्या माळ्यावर वगाच्या जुन्या कॅसेट पडल्या असतील तर भंगारात घालू नका. कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जातो. गुंतलेल्या असल्या तरी चालतील, पेन्सिल माझ्याकडे आहे.