ऑटोफोकस लेन्समधील आघात आणि कंपन : कारणे, उपाय आणि दक्षता

छायाचित्र स्पष्ट येण्यासाठी कॅमेऱ्यातील भिंग, किंवा भिंगांचा एखादा गट, पुढेमागे सरकून नेमक्या जागी थांबावा लागतो. हे काम यंत्रणेने आपोआप करणे म्हणजे ऑटोफोकस. मोबाइलमध्ये हे सरकणे मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते आणि ते डोळ्यांना जाणवत नाही. मात्र वस्तुमान असलेली कोणतीही वस्तू वेगाने हलवली आणि अचानक थांबवली की दोन गोष्टी घडतात. ती अडसरावर आदळते किंवा थांबल्यानंतरही थरथरत राहते. पहिल्यास आघात आणि दुसऱ्यास कंपन म्हणतात. चित्र धूसर होणे, चित्रफितीत खटखट ऐकू येणे आणि भाग झिजणे हे त्यांचे परिणाम होत.

मोटारींचे प्रकार

मिनोल्टाने १९८५ मध्ये आणलेल्या ७००० या कॅमेऱ्यात मोटार कॅमेऱ्याच्या आत होती आणि एका दांड्यावाटे ती लेन्समधील दंतचक्रे फिरवीत असे. दंतचक्रांच्या दात्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. दिशा बदलताना ही ढिलाई संपेपर्यंत भिंग हलत नाही आणि मग एकदम ओढले जाते. कॅननने १९८७ मध्ये ईओएस प्रणाली आणली आणि मोटार लेन्समध्येच बसवली. त्याच वर्षी ३०० मि.मी. एफ २.८ या लेन्समध्ये श्राव्यातीत कंपनांवर चालणारी वलयाकार मोटार आली. तिने मधली दंतचक्रांची साखळी बरीचशी अनावश्यक ठरवली आणि आवाज खूप कमी केला.

आज अनेक लेन्समध्ये स्टेपिंग मोटार किंवा सरळ रेषेत चालणारी लिनियर मोटार असते. मोबाइलमध्ये प्रामुख्याने ‘व्हॉइस कॉइल’ मोटार वापरतात. तिचे तत्त्व ध्वनिवर्धकाचेच आहे. चुंबकाच्या क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की बल निर्माण होते. हे बल आणि पातळ स्प्रिंगचा ताण जेथे समतोल साधतात, तेथे भिंग स्थिरावते.

कंपन का होते?

स्प्रिंगला टांगलेले वजन हाताने ओढून सोडले की ते वरखाली होत राहते. व्हॉइस कॉइलमध्येही तेच घडते. प्रवाह एकदम वाढवला तर भिंग अपेक्षित जागा ओलांडून पुढे जाते, परत येते आणि काही काळ हेलकावत राहते. ही झुलण्याची गती त्या यंत्रणेची स्वतःची असते. तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. बाहेरून त्याच वारंवारतेचा हादरा मिळत राहिला, तर हेलकावे वाढत जातात. हाच अनुनाद.

उपाययोजना

पहिला उपाय वेगाच्या आखणीचा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे अडसराजवळ वेग निम्मा केला, तर आघाताची ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. म्हणून यंत्रणा भिंगाला हळूहळू वेग देते आणि मुक्कामाआधी हळूहळू मंदावते. कॅमेरा बंद होताना प्रवाह एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करतात, तोही याच कारणासाठी.

दुसरा उपाय अधिक चतुर आहे. समजा, यंत्रणेची नैसर्गिक वारंवारता १०० हर्ट्झ आहे, म्हणजे एक हेलकावा १० मिलिसेकंदांचा. आधी केवळ निम्मा प्रवाह द्यायचा. भिंग निम्म्या अंतराभोवती झुलू लागते आणि ५ मिलिसेकंदांनी, हेलकाव्याच्या टोकाला, नेमके पूर्ण अंतरावर पोहोचते. त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. तेव्हाच उरलेला निम्मा प्रवाह दिला की तीच जागा समतोलाची ठरते आणि भिंग तेथेच थांबते. मात्र प्रत्येक नगाची वारंवारता थोडी वेगळी असते. अंदाज चुकला तर थोडे कंपन उरतेच.

ते शमवण्यासाठी तिसरा उपाय, अवमंदन. हलत्या व स्थिर भागांमध्ये मऊ जेल ठेवले जाते आणि ते कंपनाची ऊर्जा शोषून घेते. प्रवासाच्या टोकांना लवचीक गादी बसवतात. चौथा उपाय प्रतिसादाचा. चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल संवेदक भिंगाची प्रत्यक्ष जागा सतत कळवतो आणि नियंत्रक त्यानुसार प्रवाह दुरुस्त करतो. दंतचक्रांची ढिलाई घालवण्यासाठी स्प्रिंगने एका बाजूस कायम दाब ठेवतात. स्टेपिंग मोटारीत प्रत्येक पायरीचे आणखी सूक्ष्म भाग पाडतात.

यात एक तडजोड अटळ आहे. हालचाल जितकी सौम्य, तितका फोकसला लागणारा वेळ अधिक. स्थिर छायाचित्रासाठी वेग महत्त्वाचा, तर चित्रफितीसाठी संथ व नीरव हालचाल. म्हणूनच अनेक कॅमेऱ्यांत चित्रफितीच्या फोकसचा वेग वेगळा ठरवता येतो.

दुचाकीवरचा मोबाइल

बाहेरून येणारे कंपन हा गोव्यातील वाचकांच्या रोजच्या व्यवहाराचा प्रश्न आहे. घरपोच सेवा देणारे तरुण, भाड्याच्या दुचाकीवरचे पर्यटक आणि रोज कामावर जाणारे अनेकजण नकाशा पाहण्यासाठी मोबाइल हँडलवर अडकवतात. अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये याविषयी जाहीर सूचना दिली. शक्तिशाली इंजिनाच्या मोटारसायकलींची कंपने हँडलमधून थेट आयफोनमध्ये पोहोचतात आणि दीर्घकाळात कॅमेऱ्याची प्रतिमा-स्थिरीकरण व ऑटोफोकस यंत्रणा बिघडू शकते, असे तीत म्हटले आहे. अशा वाहनांवर फोन बसवू नये आणि मोपेड वा स्कूटरवर कंपनरोधक धारक वापरावा, असा तिचा सल्ला आहे. स्कूटरवरही नियमित, प्रदीर्घ वापर टाळावा, असे ती सांगते. इतर कंपन्यांच्या ज्या फोनमध्ये अशाच प्रकारची यंत्रणा आहे, त्यांनाही भौतिकशास्त्राचा हाच नियम लागू होतो.

बिघाड कसा ओळखावा?

लिनियर मोटारीच्या काही लेन्स बंद असताना हलवल्या, तर आत काही सुटल्यासारखा आवाज येतो. वीज नसताना फोकसचा गट मोकळा असतो, म्हणून हे स्वाभाविक आहे. स्थिरीकरण असलेल्या मोबाइलमध्येही हलका खुळखुळाट येऊ शकतो. केवळ एवढ्यावरून दुरुस्तीचा खर्च करू नये.

मात्र कॅमेरा सुरू केल्यावरही खटखट किंवा गुणगुण चालू राहणे, स्थिर धरलेल्या फोनवर चित्र थरथरणे, किंवा छापील मजकुरावर फोकस न ठरता पुढेमागे होत राहणे ही बिघाडाची लक्षणे आहेत. परीक्षा सोपी आहे. भरपूर उजेडात फोन टेकवून ठेवावा, आधी जवळचा मजकूर आणि मग दूरची वस्तू टिपावी, व हे चार-पाच वेळा करून पाहावे. दुरुस्तीस देण्यापूर्वी संरक्षक कव्हर काढून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. चुंबक किंवा धातूची पट्टी असलेली काही कव्हरे भिंगाच्या चुंबकीय यंत्रणेत व्यत्यय आणतात आणि बिघाडाचा भास निर्माण करतात.