वर्तणूक : चांगली

आजचा भाग ऐकता ऐकता एक काम करा. घरात कपाटात, कागदांच्या पिशवीत तुमची टीसी असेल, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. ती काढून बघा. नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, आणि तिथंच एक रकाना असतो : 'वर्तणूक'. समोर लिहिलेलं असतं 'चांगली' नाहीतर 'समाधानकारक'. दहा-बारा वर्षांचं वागणं एका शब्दात बसवलेलं.

हा शब्द नेमका कशावरून ठरतो? वेळेवर येणं, केस बारीक ठेवणं, उलट न बोलणं? आज आपण अशा मुलांबद्दल बोलणार आहोत ज्यांची वर्तणूक सरकारदरबारी एकदम वाईट ठरली होती. नोव्हेंबर 1938 ची गोष्ट आहे, आणि ती आपल्याच भागातली आहे.

आधी शाळा कशी होती ते बघू

तेव्हा आपलं मुदखेड, अख्खा नांदेड जिल्हा आणि सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळांची नावंही वेगळी. प्राथमिक म्हणजे तहतानिया, त्याच्या वर वस्तानिया, आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. घरी मराठी बोलणारं पोरगं जसजसं वर चढायचं तसतशी त्याची भाषा उर्दू होत जायची. 1918 ला सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तर पूर्ण उर्दू माध्यमाचं. आता यात एक मोठी गोष्टही होती, ती मान्य करू. इंग्रजांच्या काळात एका भारतीय भाषेतून विज्ञान, कायदा, वैद्यक शिकवायचं धाडस उस्मानियानं केलं. त्यासाठी खास भाषांतराचं खातं काढलं. पण ती भाषा संस्थानातल्या बहुतेक लोकांची नव्हती. इथं लोक बोलायचे तेलुगू, मराठी, कन्नड.

स्वतःच्या भाषेत शिकवायचं म्हणून खाजगी शाळा काढावी, तर सरकारची परवानगी हवी. सभा घ्यायची तरी परवानगी हवी, त्यासाठी 'गश्ती निशाण 53' नावाचा हुकूमच होता. तरी काही शाळा चालल्या. धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा त्यातली. तिथं 1929 ला व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. पुढं त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. नंतर मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, शाळेतच होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, आणि हे शाळेतले गुरुजी बंदी मोडून तुरुंगात गेले.

मोठी माणसं असं करत होती, तर पोरं गप्प बसणार होती का?

नोव्हेंबर 1938

आपल्या स्टेशनावरून जाणारी काचीगुडा-मनमाड लाईन डोळ्यापुढं आणा. एका बाजूला औरंगाबाद, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, मध्ये परभणी, नांदेड, मुदखेड. ठिणगी पडली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि महिना संपायच्या आत ती उस्मानियाच्या हॉस्टेलपर्यंत पोचली.

मुलं काय करत होती? हॉस्टेलमध्ये प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणत होती. वरून आदेश आला, म्हणायचं नाही. मुलं म्हणाली, आमच्या प्रार्थनेच्या खोलीत आम्ही काय म्हणायचं ते आम्ही ठरवू. ती वर्गाबाहेर पडली. मग नावं कमी करायला सुरुवात झाली. काढलेल्या मुलांचा आकडा शेकड्यांत गेला.

सरकारची बाजूही ऐकू. त्यांचं म्हणणं, हे गीत प्रार्थना नाही, राजकीय आहे, आणि त्यानं इतर विद्यार्थी दुखावतात. हा वाद हवेतला नव्हता. अनेक मुसलमान लोकांचा त्या गीतातल्या पुढच्या कडव्यांना आक्षेप होता. एकच वर्ष आधी, ऑक्टोबर 1937 ला, काँग्रेसनंही ठरवलं होतं की पहिली दोनच कडवी म्हणायची. म्हणजे बसून बोलण्यासारखा विषय होता. मुलांना समोर बसवून विचारता आलं असतं : तुम्हाला काय वाटतं, शेजारच्या खोलीतल्या मुलाला काय वाटतं, मार्ग कसा काढू?

ते झालं नाही. उलट अट आली, परत यायचं तर पुन्हा असं करणार नाही अशी हमी द्या. आपण ॲप टाकताना न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो ना, तसाच कागद. फरक इतकाच की इथं मुलांनी तो वाचला होता आणि सही करायला बरेच जण तयार नव्हते.

किंमत

'कॉलेजातून काढलं' हे आज ऐकायला शूर वाटतं. तेव्हाचा हिशोब बघा. खेड्यातलं घर, शिकणारा बहुधा एकच मुलगा, फी आणि हॉस्टेलचा खर्च काढताना बापाची दमछाक. त्यात वर्ष बुडालं. सरकारी नोकरीचा दरवाजा बंद. आणि आयुष्यभर उर्दूत शिकलेल्या मुलानं आता जायचं कुठं?

नागपूर विद्यापीठानं दार उघडलं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना प्रवेश दिला. संस्थान सोडून, माध्यम बदलून मुलं तिकडं गेली. त्यांच्यात हनमकोंड्याच्या कॉलेजातून काढलेला सतरा वर्षांचा एक मुलगाही होता. पुढं तो पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकला, नागपूरला वकिली शिकला, रामटेकमधून खासदार झाला आणि 1991 ला देशाचा पंतप्रधान. पी. व्ही. नरसिंह राव.

त्यांची टीसी कशी लिहिली असती, विचार करा.

मग शिस्त म्हणजे काय?

'बघा, नियम मोडणारेच मोठे होतात' असं मला अजिबात म्हणायचं नाही. मागच्या बाकावरून रॉकेट फेकणं आणि हे एक नाही. या मुलांनी ठरवून एक नियम मोडला, उघड मोडला, आणि शिक्षा भोगली. वर्ष गेलं तरी खोटी सही केली नाही. मला विचाराल तर ही शिस्तच आहे, आणि ती आतून आलेली आहे. बाहेरच्या शिस्तीला मात्र फक्त मान खाली घातलेली हवी होती.

मी इंजिनिअर माणूस, माझ्या कामातलं उदाहरण देतो. कोडमध्ये एखादी अट कुणी टाकली आणि का टाकली हे लिहिलंच नाही, तर पुढचा माणूस ती काढायला घाबरतो आणि पाळायला कंटाळतो. शाळेचे नियम असेच असतात. वर्गात मोबाईल नको, याला कारण आहे आणि ते पोरांना सांगता येतं. प्रयोगशाळेत पळू नको, यालाही आहे. पण 'मी सांगतो म्हणून' हे कारण नाही. त्यानं पोरगं सर असेपर्यंत गप्प बसतं, सर गेले की वर्ग डोक्यावर घेतं.

आज कायदाही पोरांच्या बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. छडी कागदावर तरी गेली. छडीच्या जागी काय आणायचं, हे मात्र कायदा सांगत नाही. ते बोलूनच आणावं लागतं, आणि मारण्यापेक्षा बोलायला जास्त वेळ लागतो.

एक गंमत सांगतो. मुदखेडचं पोरगं आज बीए, बीएस्सी करतं तेव्हा त्याच्या मार्कमेमोवर विद्यापीठाचं नाव असतं 'स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ'. 17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला सुरू झालेलं. म्हणजे बंदी मोडून तुरुंगात गेलेल्या त्या गुरुजींच्या नावाचा शिक्का आपल्या सगळ्यांच्या कागदावर आहे.

जाता जाता एक विनंती. 1948 ला, संस्थान संपलं तेव्हा, शाळेत असलेली माणसं आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी आजोबा-आजी असतील तर त्यांच्याजवळ बसा. विचारा, तुमच्या शाळेत कशासाठी मार बसायचा, कुठलं गाणं चालायचं नाही, मास्तर कोणत्या भाषेत रागवायचे. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांच्या आठवणीतली ती शाळा अजून कुणी लिहून ठेवलेली नसेल.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.