शब्दवेध : कोठार

‘कोठार’ हा शब्द संस्कृत ‘कोष्ठागार’पासून प्राकृत ‘कोट्ठागार’मार्गे मराठीत आला. ‘कोष्ठ’ म्हणजे बंदिस्त जागा, ‘आगार’ म्हणजे घर. कोठा, कोठी, कोठडी, कोष्टक ही याच कुळातली भावंडे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारातील धान्यादी साठ्यावर ‘कोष्ठागाराध्यक्ष’ नेमलेला आहे. मराठीत कोठार सांभाळणारा तो ‘कोठावळा’.

धान्याच्या जागी माहिती आली, तरी कोठाराचे तत्त्व टिकून राहिले. स्टोरेज एरिया नेटवर्क, म्हणजेच ‘सॅन’, हे अनेक सर्व्हरांचे सामाईक कोठार. त्याची वाट मात्र वेगळी असते. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी रो-रो बोट २०२० पासून पेण-पनवेलच्या रस्त्याचा वळसा टाळून वाहने थेट मुंबईत उतरवते. त्याचप्रमाणे सॅनमधील ये-जा कार्यालयाच्या रोजच्या नेटवर्कवरून न होता बहुधा फायबर चॅनलच्या स्वतंत्र मार्गाने होते. दूरची डिस्क सर्व्हरला स्वतःचीच वाटते.

येथील कोठावळ्याची मुख्य कामे तीन. कोणता सर्व्हर कोणत्या साठ्याशी जोडायचा, हे झोनिंगने ठरते. कोणता कप्पा कोणाला दिसावा, हे मास्किंगने ठरते. एक वाट तुटल्यास दुसरी खुली ठेवणे म्हणजे मल्टिपाथिंग. बँकांची खाती, मोठे डेटाबेस आणि आभासी सर्व्हर अशा साठ्यावर चालतात. त्याची प्रत दुसऱ्या शहरात ठेवली, की आपत्तीतही कामकाज पुन्हा उभे करता येते.