कोशिंबिरीतला सांबार

बोरी अरबच्या बाजारात जाऊन 'कोथिंबीर द्या' म्हटलं, तर भाजीवाली गोंधळणार नाही. टीव्हीमुळे तिलाही तो शब्द ओळखीचा आहे. पण जुडी हातात ठेवता ठेवता एखादी सहज म्हणेल, "सांबार म्हना ना, भाऊ." पुण्यामुंबईच्या माणसाला सांबार म्हटलं की इडली दिसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या या दारव्हा तालुक्यात, किंबहुना सगळ्या वऱ्हाड-नागपुरात, सांबार म्हणजे कोथिंबिरीचा हिरवा पाला. सांबारवडीत असतो तो हाच. घरी नेऊन हा सांबार बारीक चिरायचा आणि कांदा-कैरीवर, काकडीवर भुरभुरायचा. असं जे तयार होतं, त्याला मात्र इथेही कोशिंबीरच म्हणतात. गंमत अशी, की त्या नावातही कोथिंबीरच आहे. पाल्याचं नाव बदललं. पदार्थाच्या पोटात ते जुनं नाव तसंच राहिलं.

संस्कृतात कोथिंबिरीला 'कुस्तुंबरी' किंवा 'कुस्तुंबुरु' म्हणतात. हा शब्द इतका जुना, की पाणिनीला त्याच्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घालावं लागलं. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात, पहिल्या पादात, 143 क्रमांकावर ते आहे. त्याचा मुद्दा मधल्या 'स'चा. एका विशिष्ट वनस्पतीचं नाव म्हणून शब्द वापरायचा असेल, तर मध्ये 'स' येऊन 'कुस्तुंबुरु' होतं. नुसतीच वाईट तुंबुरू फळं म्हणायची असतील, तर 'स' येत नाही, 'कुतुंबुरु' राहतं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एक वैयाकरण कोथिंबिरीच्या सकाराची चिंता वाहत होता, हे मला फार आवडतं. कारण पुढची सगळी कथा त्या 'स'चीच आहे.

पुस्तकाची पोथी झाली, मस्तकाचा माथा झाला, हस्ताचा हात झाला. 'स्त'चा 'थ' किंवा 'त' होणं ही प्राकृतातून मराठीत येण्याची रुळलेली वाट. त्याच वाटेने कुस्तुंबरीची कोथिंबीर झाली. पुस्तक-पोथीसारखाच 'उ'चा 'ओ'सुद्धा झाला. कोशिंबीर मात्र या वाटेने आलेली नाही. तिच्यात 'स' टिकला आणि 'त' गळाला. मराठीच्या घरात असं सहसा घडत नाही. म्हणून शेजारी डोकावावं लागतं. कानडीत कोथिंबिरीला 'कोत्तंबरी' म्हणतात आणि भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, लिंबू यांच्या कच्च्या मिश्रणाला 'कोसंबरी'. तिकडे कोत्तंबरी-कोसंबरी, इकडे कोथिंबीर-कोशिंबीर. जोडी जशीच्या तशी. 'इ'च्या शेजारी 'स' आला की मराठी त्याचा 'श' करते, म्हैस-म्हशी, घूस-घुशी. तेवढा संस्कार झाला की कोसंबरीची कोशिंबीर व्हायला फार वेळ लागत नाही. शब्द कानडीच्या हातून मराठीला मिळाला, असं माझं मत. नवव्या शतकातल्या कविराजमार्ग या ग्रंथाने कन्नड भाषेचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. बोरी अरब गोदावरीच्याही वर, पैनगंगेच्या खोऱ्यात. राष्ट्रकूट आणि कल्याणीचे चालुक्य या कानडी वळणाच्या राजवटींचा अंमल विदर्भापर्यंत पोचला होता. ताटातल्या डाव्या बाजूच्या एका पदार्थाने त्यांच्यामागून यायला हरकत काय?

राहिला सांबार. तो शब्द 'संभार'वरून आला असावा; संभार म्हणजे साहित्य, सामग्री, स्वयंपाकातला मसाला. दक्षिणेतलं सांबार तंजावरच्या मराठी दरबारात संभाजीमहाराजांच्या नावाने जन्मलं, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. गोष्ट छान आहे. पुरावा काही नाही.

आता पुन्हा कोशिंबिरीच्या नावाकडे जरा निरखून पाहा. कोशिंबीर काकडीची असो, गाजराची, मुळ्याची की कैरीची, नाव मिळालं ते वर घातलेल्या चिमूटभर पाल्यावरून. रायत्याचंही तेच, तिथे राईने नाव बळकावलं. इंग्रजी सलाड लॅटिनमधल्या मिठाच्या नावावरून आलं, त्याचा मूळ अर्थ 'मीठ लावलेलं'. तिन्हीकडे कच्च्या भाज्या चिरल्या गेल्या आणि नाव मात्र भाजीवरून पडलं नाही. नुसती चिरलेली काकडी ही काकडीच राहते. तिला पदार्थ करतं ते मीठ, राई, सांबार.

या पदार्थाची सगळ्यात जुनी तऱ्हा कशी असेल, याचा अंदाज चैत्रात येतो. कर्नाटकात रामनवमीला पानकाबरोबर कोसंबरी वाटतात. महाराष्ट्रात चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचं हळदीकुंकू चालतं आणि त्यात पन्ह्याबरोबर आंब्याची डाळ असते. हरभऱ्याची भिजवलेली डाळ भरड वाटायची, किसलेली कैरी, मीठ, मिरची, वरून फोडणी आणि कोथिंबीर. म्हणायला डाळ, पण ही कोसंबरीची सख्खी बहीण आहे. काही न शिजवता पोटभरीचं आणि गार काहीतरी करायचं, तर डाळ भिजवणं हाच जुना उपाय. आज आपण कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालतो ते डाळीच्याच जागेवर बसलेलं आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरची, टोमॅटोही अमेरिकेतलेच, पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरचे. बीट युरोपातलं. लाल-पांढरी-हिरवी कोशिंबीर कितीही पारंपरिक वाटली, तरी तिच्यातला निम्मा ऐवज पाहुणा आहे. काकडी मात्र इथली. तिचा रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवतो.

बोरी अरबला उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास रेंगाळतो. कपाशीची काळी जमीन भेगाळलेली असते. अडाणसारख्या नद्यांची पात्रं आटतात, आणि विदर्भात अशा आटलेल्या पात्रांतल्या रेतीत डांगरवाड्या लागतात. डांगर म्हणजे खरबूज. इथेही बाहेरच्या मराठी माणसाने जपून राहावं, कारण पश्चिम महाराष्ट्रात डांगर म्हटलं की भोपळा किंवा उडदाचं पीठ समोर येईल. तसंच कलिंगडाचं, इथे ते टरबूज. पावसाळ्यात वावरात, कपाशीच्या ओळींमधून वाळकं लागतात. वऱ्हाडी जिभेवर 'ळ'चा 'य' होतो म्हणून ती 'वायकं'. डांगर आणि वाळूक वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी एकाच जातीची, आणि काकडी त्यांची जवळची चुलत बहीण. म्हणून कोवळं डांगर चिरलं तर काकडीसारखंच लागतं आणि कोशिंबिरीत खुशाल चालतं. टरबुजाच्या लाल गराखालचा पांढरा भागही किसून घालतात. दही असलं तर उत्तम.

पण उन्हाळ्याची खरी कोशिंबीर कांदा-कैरीची. पावशीवर (विळीला इकडचा शब्द पावशी) कांदा चिरायचा, कैरी किसायची, गुळाचा खडा, तिखट, मीठ, जिऱ्याची पूड घालून हाताने चुरायचं. हाताने, चमच्याने नाही. गूळ कैरीच्या पाण्यात विरघळला पाहिजे. वरून सांबार. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून वावरात जाणारी माणसं वऱ्हाडात भेटतात. खिशातल्या कांद्याचं मला ठाऊक नाही, ताटातल्या कांद्यावर माझा विश्वास आहे.

काकडीच्या कोशिंबिरीचं तंत्र सगळं पाण्याभोवती फिरतं. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. मीठ लागलं की ते बाहेर पडू लागतं, आणि अर्ध्या तासात वाटीत तळं साचतं. म्हणून जुन्या बायका मीठ अगदी पान वाढायच्या वेळी घालत. काकडी किसायची नाही, चोचवायची. म्हणजे हातात उभी धरून सुरीने तिच्यावर बारीक घाव घालत जायचं आणि मग वरून कापायची. किसणीने काकडी चिरडते आणि तिचं पाणी लगेच सुटतं. चोचवल्यावर दाताखाली कुरकुरीत राहते. कुटाचं काम इथे चवीपुरतं नसतं, सुटलेलं पाणी ते पिऊन टाकतं. हिंग-जिऱ्याची फोडणी कढत घालायची, पण दह्याच्या आधी. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचं, आणि कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप घरोघर पोचवलं. मीठ नेमकं कधी, हे मात्र अजून सासू-आईकडूनच कळतं.

पानात कोशिंबिरीची जागा डावीकडे, मीठ-लिंबू-चटणीच्या शेजारी. पंगतीत ती एकदाच, पळीभर वाढली जाई आणि मागितली तरच पुन्हा मिळे. हल्ली तालुक्याच्या मंगल कार्यालयात बुफे असतो. टेबलाच्या टोकाला मोठ्या ताटात काकडी, गाजर, बीट, टोमॅटो आणि कांद्याच्या गोल चकत्या फुलासारख्या रचलेल्या असतात. त्याला सगळे 'सलाड' म्हणतात. मिठावरून नाव मिळालेल्या त्या पदार्थावर मिठाचा कण नसतो. सांबारही नसतो. दोन चकत्या ताटात घेऊन रांगेतला म्हातारा वाढप्याला विचारतो, "अन् मीठ कुठी ठेवलं, बापू?"