घोरपडीचे नाव राहिले

शाळेत इतिहासाच्या तासाला मास्तरांनी कोंढाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या मनात तानाजीपेक्षा घोरपडच जास्त ठसली. आमच्या परसातल्या गडग्यावर अधूनमधून एखादी दिसायची. तिच्या कमरेला दोरी बांधून माणूस वर कसा चढत असेल, हे मी कितीतरी दिवस पडवीत बसून पाहत असे. मास्तरांना विचारायचे धैर्य मात्र झाले नाही.

मंडळी, पुढे कॉलेजात असताना पुण्यातल्या मामाकडे राहून मी प्रस्तरारोहणाचे एका दिवसाचे शिबिर केले. शिकवणाऱ्याने पहिल्यांदा सांगितले ते असे: वजन पायांवर ठेवायचे, हात तोलापुरते. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन खडकावर पक्के. कड्याला चिकटायचे नाही, अंग थोडे बाहेर ठेवायचे, म्हणजे पायाखालची खाच दिसते आणि पाय घसरत नाही. ऐकायला सोपे आहे! वीसेक फुटांवर माझा उजवा पाय शिवणयंत्रासारखा थडथडू लागला, मी घाबरून दोन्ही हातांनी कपार कवटाळली आणि क्षणात सुटलो. पडलो जेमतेम हातभर, कारण वरून दोर होता आणि त्याचे दुसरे टोक एका शांत माणसाच्या हातात होते. यालाच ‘बिले’ देणे म्हणतात. त्या हातभर अंतरात मला मास्तरांची गोष्ट आठवली.

घरी आल्यावर मी सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली, म्हणजे कोंढाण्यानंतर अवघ्या सत्तावीस वर्षांनी. तिच्यात घोरपड नाहीच! सभासद सांगतो ते एवढेच, की चढण्यात तरबेज असे दोन मावळे निवडून रात्री कड्यावर घातले, ते वानरासारखे वर गेले आणि वरून त्यांनी ‘माळ’ लावली, म्हणजे दोराची शिडी सोडली. मग तानाजीसह तीनशे माणूस त्या माळेने चढले. ‘यशवंती’ घोरपड आपल्याला भेटते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

घोरपडीची कथा तानाजीपेक्षा जुनीही असावी. मुधोळच्या घोरपडे घराण्यात अशी परंपरा आहे, की बहामनी अमदानीत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेताना त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या साहाय्याने कडा चढला आणि त्यावरून आडनाव पडले. (त्याच मोहिमेतला महमूद गवान पुढे १४७२ मध्ये आमच्या गोव्यावर आला.) मला वाटते, एका गडाची गोष्ट दुसऱ्या गडावर चालत गेली. घोरपड भेगेत शिरून अंग फुगवते तेव्हा ओढून निघत नाही, हे खरे. पण पाच-सहा किलोच्या प्राण्याने नेमकी हवी ती भेग निवडावी आणि भरल्या माणसाचे वजन पेलावे, हे मला त्या शिबिरानंतर पटेनासे झाले.

मग त्या दोघांनी काय केले असेल? सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. घट्ट थर उभा राहतो, मऊ थर झिजतो, त्यामुळे कड्याला पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. या टप्प्यांवर माती आणि वाळके गवत असते आणि धोकाही तिथेच, कारण हाताला आलेला दगड कड्याचा आहे की नुसता मातीत रुतलेला, ते ओढल्यावरच कळते. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र माघ वद्य नवमीची, चंद्र मध्यरात्रीनंतरचा. तेव्हा पकड डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधली असणार. कमरेला दोर असला तरी तो मागून येणाऱ्यांसाठी, पहिल्याला झेलण्यासाठी नव्हे. आजचा पहिला चढाईपटू वाटेत बोल्ट किंवा मेख मारतो, तीत कॅराबिनर अडकवून दोर ओवतो, आणि ताणला जाणारा नायलॉनचा दोर झटका सोसतो. असा दोर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. त्याआधी इंग्लंडातसुद्धा नियम एकच होता, पहिल्याने पडायचे नाही.

इंग्लंडचे नाव घेतले ते सहज नव्हे. निव्वळ मौजेसाठी खडक चढण्याच्या खेळाचा जन्म पुष्कळजण १८८६ चा मानतात. त्या वर्षी हॅस्केट स्मिथ नावाचा तरुण लेक डिस्ट्रिक्टमधला ‘नेप्स नीडल’ हा सुळका एकटा, दोराविना चढला आणि माथ्यावर दगडाखाली हातरुमाल ठेवून उतरला. वर शत्रू नव्हता, बक्षीस नव्हते. त्याचे नाव आज त्या खेळाच्या प्रत्येक इतिहासात आहे. आपल्याकडे घोरपडीचे नाव राहिले, त्या दोघांचे राहिले नाही. आयुष्यभर कचेरीत मस्टरवर सही करणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा जास्तच लागते.

गेल्या माघात मुलाला घेऊन सिंहगडावर गेलो होतो. तो हल्ली कृत्रिम भिंतीवर चढायला जातो, त्यामुळे कड्याकडे माझ्यापेक्षा जाणत्या नजरेने पाहतो. पश्चिम अंगाला तानाजी कड्याच्या काठाशी पालथे पडून त्याने बराच वेळ खाली पाहिले. मग म्हणाला, ‘‘बाबा, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. अर्ध्यावर वाट संपली असती तर ते दोघे खाली कसे आले असते?’’

मी काही बोललो नाही. त्याच्या शर्टाची कॉलर तेवढी धरून ठेवली.