तरवडीचं पत्र आणि राजवाड्यातली ट्रंक

नेवासं म्हटलं की लोक ज्ञानेश्वरीचं नाव घेतात, आणि घ्यावंच. 1290 साली ज्ञानोबांनी इथं गीता मराठीत सांगितली, म्हणून आमच्या तालुक्याची मान अजून ताठ आहे. पण याच तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे आणि तिथून दर आठवड्याला एक वर्तमानपत्र निघायचं, हे आमच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांनाही सांगावं लागतं. पत्राचं नाव ‘दीनमित्र’. मुकुंदराव पाटलांनी ते 23 नोव्हेंबर 1910 ला सोमठाण्यातून सुरू केलं, पुढं बिऱ्हाड तरवडीला आणलं, आणि 1967 साली स्वतः जाईपर्यंत चालवलं. सत्तावन्न वर्षं! ज्या काळात पत्र म्हटलं की पुणं नाहीतर मुंबई, त्या काळात हा माणूस बाजरीच्या रानात बसून संपादकी करत होता.

मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पोटचे चिरंजीव, दत्तक गेले म्हणून पाटील. भालेकरांनी 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला होता. सत्यशोधकांचं पहिलं पत्र ते. म्हणजे बापानं शहरात केलं ते लेकानं खेड्यात केलं. माझ्या मते लेकाचं काम जास्त अवघड होतं. शहरात कागद मिळतो, शाई मिळते, खिळे जुळवणारा माणूस मिळतो. खेड्यात ट्रेडलचा एक दात तुटला तरी बैलगाडी जुंपून नगर गाठायचं.

मुकुंदरावांचं ‘कुळकर्णी लीलामृत’ 1913 चं. कुलकर्ण्याच्या दप्तरात शेतकरी कसा नागवला जातो याची ती कथा, आणि लिहिली ओवीत. यातली युक्ती खेड्यातल्या माणसाला लगेच कळेल. आमच्याकडं तेव्हा वाचता येणारं माणूस गावात दोन-चार. पण पोथी ऐकायची सवय सगळ्यांना. एकजण वाचणार, वीसजण मांडी घालून ऐकणार. ओवीत लिहिलं की पुस्तक आपोआप पोथीच्या वाटेनं चालायला लागतं. विकली एक प्रत अन् ऐकलं अख्ख्या आळीनं, असला हा व्यापार. दुकानदाराला परवडणार नाही, पण विचाराला परवडतो.

‘दीनमित्र’ही आमच्या गावात तसाच ऐकला जायचा. टपालानं आला की मारुतीच्या पारावर बैठक बसायची. आजोबा सांगायचे, वाचणारा एक मराठी शाळेचा मास्तर होता आणि तो मध्ये मध्ये तंबाखूसाठी थांबला की लोक चिडायचे. पण आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तशीच लिहितो. पारावर आम्ही कुणबी, माळी, धनगर बसायचो. राजवाड्यातले लोक खाली, लिंबाच्या पलीकडं उभे राहून ऐकायचे. पत्रात जातीवर कोरडे ओढलेले, आणि ऐकणारे जातीप्रमाणे बसलेले. यात पत्राचा दोष नाही. पण नुसतं छापून भागत नाही, वाचायला कोण कुठं बसतो हेही बघावं लागतं, एवढं मला त्यातून दिसतं.

लिंबापलीकडं उभं राहणाऱ्यांना आपलं स्वतःचं पत्र हवं होतंच. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. पत्राची जाहिरात ‘केसरी’कडं पाठवली, पैसे भरायची तयारी दाखवली, तरी ती छापली गेली नाही. वाचणाऱ्यानं इथं जरा थांबावं. फुकट मागितलं असतं तर गोष्ट वेगळी. रोकडा देऊनही जागा नाही म्हणजे नड पैशाची नव्हती. 1927 ला ‘बहिष्कृत भारत’ काढला तेव्हा बाबासाहेबांना रकानेच्या रकाने स्वतः लिहून भरावे लागले. कर्जाचा डोंगर, वर्गणी थकलेली. शेती आणि पत्र या दोन धंद्यांत येणं नेहमी उशिरा आणि देणं वेळेवर.

1936 ची गोष्ट तर याहून पुढची. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं, आणि ते पचेना म्हणून परिषदच रद्द केली. भाषण छापून तयार होतं, दीड हजार प्रती, बाबासाहेबांच्या पदरच्या पैशानं. किंमत आठ आणे. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या. जे मांडवात ऐकू द्यायचं नव्हतं ते टपालानं घरोघर गेलं.

आता माझ्या गावाकडं येतो. मी 1975 ला दहावी झालो. नव्या पद्धतीच्या दहावीची ती पहिलीच बॅच, पुढं शिकायची ऐपत नव्हती. वाचायचं वेड मात्र होतं आणि गावात वाचायला पंचांग सोडून काही नाही. राजवाड्यातले एक गृहस्थ, त्यांना मी नाना म्हणायचो, मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. दर वर्षी 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जायचे आणि नंतर सुटी मिळाली की गावी यायचे. येताना पोरांना खाऊ कमी, पुस्तकं जास्त. चैत्यभूमीच्या आसपास लोक जमिनीवर ताडपत्री टाकून पुस्तकं मांडतात. पातळ पुस्तिका, गीतांच्या चोपड्या, बुद्धाचं चरित्र, अण्णाभाऊंची ‘फकिरा’. नानांच्या घरी पत्र्याची एक ट्रंक अशा पुस्तकांनी भरलेली होती. आमच्या पंचक्रोशीतलं पहिलं वाचनालय तेच, फक्त त्यावर पाटी नव्हती.

मी तिथं जायला लागलो. आई म्हणाली, “तिकडं कशाला रोज रोज?” भावकीतल्या एकानं वडलांच्या कानावर घातलं. वडील काही बोलले नाहीत, आणि मी जायचा थांबलो नाही. नानांचा नियम एकच. “हात धुऊन ये, आठ दिसात आणून दे.” चहा दिला की कप मी पालथा घालून ठेवायचो. विसळायला नाना देत नव्हते.

त्याच ट्रंकेत मला जोतिबांचं समग्र वाङ्मय मिळालं, 1969 साली सरकारच्या मंडळानं छापलेलं, जाड बांधणीचं. त्यात ‘शेतकऱ्याचा असूड’. मी चक्रावलो. हे पुस्तक आमच्यावर लिहिलेलं! सारा, सावकार, कोर्टाचे हेलपाटे, भटजीची दक्षिणा, जनावरांचे हाल, सगळं आमच्याच घरातलं. जोतिबांनी ते 1883 साली पुरं केलं. ‘दीनबंधु’नं पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढं छापायला हात आखडला. म्हणजे आपल्याच चळवळीच्या पत्राला ते झेपलं नाही. शेतकऱ्यावरचं पुस्तक शेतकऱ्याच्या दारात यायला नव्वदावर वर्षं लागली, आणि ते आलं कुणाच्या हातून? ज्याला आम्ही पारावर बसू दिलं नाही त्याच्या.

आजोबांना मी ते रोज रात्री वाचून दाखवायचो. सारावाढीचं प्रकरण संपलं तेव्हा म्हातारा बराच वेळ कांबळं सारखं करत बसला. मग म्हणाला, “नानाला म्हणावं, उद्या जेवायला ये.” नाना आले, ओट्यावर नव्हे, आत बसले. आईनं वाढलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत वारं फिरलं. औरंगाबादेतून पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ निघतच होतं. ‘ग्रंथाली’नं वाचकांकडून आधी पैसे गोळा करून पुस्तकं काढायला सुरुवात केली आणि 1978 ला आमच्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या दया पवारांचं ‘बलुतं’ छापलं. 1979 पासून सरकारनं बाबासाहेबांचे खंड काढले. ही सगळी पुस्तकं आमच्याकडं कुठल्या दुकानातून आली नाहीत. जयंतीला, दसऱ्याला, 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर, जिथं माणसं जमतात तिथं पथारीवाल्यांनी ती आणली.

दुकान आणि पथारी यातला फरक मला माझ्या पुस्तिकेवरून कळला. गावात कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं, याच्या आठवणी मी लिहिल्या, तालुक्याच्या छापखान्यातून पाचशे प्रती काढल्या आणि शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं शेकडा चाळीस कमिशन सांगितलं, पैसे वर्षाअखेर, वर म्हणाला, “काका, विहिरींवरचं कोण वाचतं?” मी पिशवी उचलली. जानेवारीत विद्यापीठाच्या गेटवर एका पथारीवाल्यापाशी पन्नास प्रती दिल्या. त्यानं पुस्तिका उभ्या-उभ्या चार पानं वाचली आणि थेट बाबासाहेबांच्या खंडाशेजारी मांडली. मला लाज वाटली, बाजूला सरकव म्हणालो. “राहू द्या, इथंच लोक वाकून बघतात,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत एकतीस गेल्या. घेणाऱ्यांत एक एसटीची कंडक्टर होती, दोन ऊसतोडीची पोरं, एक पेन्शनर मास्तर. हिशेब त्यानं जागेवर केला, वीस टक्के कापून बाकी नोटा हातात ठेवल्या. उरलेल्या एकोणीस परत द्यायला तयार नव्हता. एप्रिलात जयंतीला बीडकडं नेतो म्हणाला, आणि आणखी शंभर असतील तर आत्ताच सांगा, जीपमध्ये जागा ठेवतो.