राखेचें बेट आणि दगडाचें बेट

आइसलंडच्या दक्षिणेस वेस्टमन नांवाचा द्वीपसमूह आहे. १४ नोव्हेंबर १९६३ रोजीं पहाटे त्याच्या नैर्ऋत्येस एका मच्छीमार नावेवरील खलाशांना समुद्रांतून काळे लोट उठतांना दिसले. एखादें जहाज पेटलें असावें, असें त्यांना वाटलें. परंतु जागृत झाला होता तो सुमारें १३० मीटर खोल असलेला समुद्रतळ! लवकरच तेथें लाटांवर भूमीचा माथा दिसूं लागला. नॉर्स पुराणांतील सुर्त नामक अग्निदैत्यावरून त्या बेटास सुर्त्से हें नांव मिळालें.

श्रोतेहो, बेट जन्मास येणें निराळें आणि तें टिकणें निराळें. तप्त शिलारसाला पाण्याचा स्पर्श होतांच त्याचे स्फोट होऊन राख होते. आणि राखेचा ढीग अटलांटिकच्या लाटांपुढें किती दिवस तग धरणार? १९६५ सालीं शेजारीं वर आलेलीं सिर्तलिंगुर व योल्निर हीं दोन बेटें केवळ राखेचीं होतीं. उद्रेक थांबतांच समुद्रानें तीं गिळून टाकलीं.

सुर्त्सेचें दैव वेगळें ठरलें. राखेचा बांध इतका वाढला कीं, मुखापर्यंत पाणी पोंचेना. एप्रिल १९६४ मध्यें तेथून लाव्हारस वाहूं लागला व थिजून त्याचा काळा बेसाल्ट झाला. आपल्या सह्याद्रीचा कातळ याच जातीचा. या कवचानें बेटाची दक्षिण बाजू सांवरली. ५ जून १९६७ रोजीं उद्रेक संपला, तेव्हां बेटाचें क्षेत्र २.६५ चौरस किलोमीटर होतें.

पुढें मात्र नवल घडलें. टेकड्यांच्या पोटांतील उष्णता व पाणी यांच्या योगानें राखेचे कण एकमेकांस चिकटून त्यांचा घट्ट दगड बनूं लागला. या क्रियेस दीर्घ काळ लागतो अशी समजूत होती. येथें ती कांहीं वर्षांतच घडत असल्याचें १९६९ सालीं आढळलें. १९७९ सालीं १८१ मीटर खोल छिद्र पाडून शास्त्रज्ञांनीं बेटाचें अंतरंगही तपासलें.

आज मूळ क्षेत्रापैकीं निम्म्याहून अधिक भाग लाटांनीं नेला आहे. त्यांत मोठा वांटा त्या लाव्ह्याच्या पठाराचाच आहे. ज्या कवचानें राखेला वांचविलें तें झिजत आहे, आणि वांचलेली राख दगड होऊन उभी आहे. भोंवतालचीं कित्येक जुनीं बेटें अशाच गाभ्याचे अवशेष आहेत. सुर्त्सेही त्यांच्यासारखेंच दीर्घकाळ उरेल, असें भूशास्त्रज्ञ मानतात.